लुटुपुटीच्या कुस्तीचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात यवतमाळ येथे काही वाङ्मयप्रेमी मंडळींच्या घरगुती बैठकीत प्रस्तुत लेखकाने एक निबंध वाचला. विषय होता जुन्या धंदेवाईक कुस्त्यांचा. म्हणजे जेथे मातीच्या हौद्याऐवजी दोरांनी वेढलेला उंच चौथरा असतो, तिकीट लावून प्रेक्षक बसविलेले असतात, आणि कोण कोणाला पाडणार हे दोघांनाही बहुधा आदल्या रात्रीच ठाऊक असते, त्या कुस्त्यांचा. अशा कुस्त्यांच्या जुन्या चित्रफिती आता घरबसल्या पाहावयास मिळतात, आणि वर्तमानपत्री वृत्तांतही पुष्कळ उपलब्ध आहेत; नाटकांचे वा कादंबऱ्यांचे करतो तसे त्यांचेही परीक्षण करावे, एवढाच माझा हेतू होता. निबंध संपल्यावर जी शांतता पसरली ती तृप्त श्रोत्यांची खास नव्हती. पंगतीत कोणी काही भलतेच बोलून जावे आणि सर्वांनी आपापल्या पानात पाहू लागावे, तशी ती होती.

मग आक्षेप आले. आक्षेपक तिघे, आणि तिघांचीही योग्यता मोठी. पहिले एक नामांकित वकील. त्यांचे म्हणणे असे की, ज्या दाव्याचा निकाल आधीच लिहून ठेवला आहे त्यातील युक्तिवादाची चिकित्सा कोणी शहाणा मनुष्य करीत नाही. दुसरे एक निवृत्त व्यायामशिक्षक, तरुणपणी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घाम गाळलेले. त्यांना माझ्या निबंधात लाल मातीची विटंबना दिसली. तिसरे माझेच एक तरुण सहाध्यापक. त्यांचा रोष अगदी उलट्या दिशेचा होता. मी या कुस्त्यांना ‘लुटुपुटीच्या’ म्हणतो हेच त्यांच्या मते माझे मागासलेपण. रोलाँ बार्त या फ्रेंच टीकाकाराने १९५७ सालीच असे प्रतिपादन केले आहे की, धंदेवाईक कुस्ती हा खेळ नव्हे, देखावा आहे, आणि नाटकाला जसा खरेखोटेपणाचा प्रश्न विचारीत नाहीत तसा तो तिलाही विचारू नये. मग माझा हा जुना घोळ कशाला?

त्या सायंकाळी मी तिघांनाही समाधानकारक उत्तर दिले नाही. वेळ थोडा होता हे त्याचे एक कारण, आणि धैर्य थोडे होते हे दुसरे. पहिल्या कारणाचे निवारण या मासिकाच्या संपादकांनी केले आहे. दुसऱ्याचा उलगडा शेवटी होईल.

प्रथम वकीलसाहेब. निकाल ठरलेला असला की परीक्षण निरर्थक, हा सिद्धांत मान्य करावयाचा तर आपल्या रसव्यवहाराच्या निम्म्या कोठारास कुलूप ठोकावे लागेल. रामलीलेत रावण दरसाल मरतो. दशावतारात दैत्याचा पाडाव झाल्यावाचून खेळ आटोपत नाही. आमच्याच जिल्ह्यात कोलाम व गोंड वस्त्यांतून दंडार होते. तीत सोंग घेणाऱ्यास आणि पाहणाऱ्यास, दोघांनाही पुढचे पाऊल पाठ असते. तरीही यंदाचा रावण गेल्या वर्षीच्या रावणापेक्षा उणा उतरला, हे गावातील दहा वर्षांचे पोरदेखील घरी येऊन सांगते. ते पोर काय झाले हे पाहावयास गेलेलेच नसते. कसे झाले, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

उलटपक्षी, निकाल खरा असला म्हणजे रस आपोआप ओतप्रोत भरतो असेही नाही. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टानिस्लाउस झिबिस्को यांची कुस्ती झाली. गामाची उंची कमी म्हणून त्याला तेथील स्पर्धेत प्रथम घेतलेच नव्हते. तेव्हा त्याने कोणत्याही वजनाचे तीन मल्ल अर्ध्या तासात चीत करून दाखवीन असे जाहीर आव्हान दिले, डॉक्टर रोलर या अमेरिकनाला पाडले, आणि मग हा सामना ठरला. अडीचशे पौंडांची थैली आणि ‘जॉन बुल’ पट्टा पणाला लागलेला. या कुस्तीच्या खरेपणाविषयी कोणी शंका घेत नाही. पण झाले काय? झिबिस्को सुरुवातीलाच खाली गेला आणि अडीच तासांहून अधिक काळ गादीला चिकटून राहिला. गामाने त्याला उलटा करण्याची पराकाष्ठा केली. तो धिप्पाड देह काही उलटेना. अखेर कुस्ती बरोबरीत सोडविली गेली. पुढच्या शनिवारी, १७ सप्टेंबरला, पुन्हा गाठ पडावयाची होती. झिबिस्को फिरकलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. परीक्षक या नात्याने मी या कुस्तीला सत्याचे पुरे गुण देईन. परंतु तिकीट काढून बसलेल्या लंडनकराच्या जागी स्वतःला कल्पून पाहिले, तर अडीच तास एका पालथ्या पाठीचे दर्शन घेण्यात कोणता रस होता हे मला सांगता येणार नाही. सत्य हा रसाचा जामीन होत नाही. वकीलसाहेबांना जामिनाचे महत्त्व मी सांगावयास नको.

आता व्यायामशिक्षकांचा आक्षेप. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्याशी स्पष्ट बोलणे भाग आहे. लाल माती पवित्र आणि तिकीट लावलेला चौथरा भ्रष्ट, अशी जी वाटणी ते करतात तिला इतिहासाचा आधार नाही. मातीची कुस्ती पैशावाचून कधी चालली? मल्लाचा खुराक आकाशातून पडत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरास १९१२ साली खासबाग मैदान उभे केले, मल्लांना आश्रय दिला, म्हणून तेथे कुस्ती फोफावली. गामाच्या मागे पतियाळा दरबार होता. संस्थाने विलीन झाली आणि हा आश्रय आटला. पुढे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले ते कशाच्या बळावर? राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी परतल्यावर कुस्त्या करूनच त्या ऋणाची फेड केली, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. म्हणजे हौशी पदकाचे कर्ज इनामी कुस्तीने फेडले. (आम्हा प्राध्यापकांच्या वर्गात असा एक तरी माणूस होऊन गेला याचा मला किती अभिमान वाटतो, हे मी कंसातच सांगतो, कारण तसा दुसरा मला दाखविता येत नाही.)

राहता राहिली ‘प्रदर्शन’ या शब्दाची शिसारी. ज्या मंडळाच्या आखाड्यात हे गृहस्थ घडले त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. तेथे कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. सारे आधी बसविलेले होते. त्याला विटंबना म्हणावे काय? आणि दारासिंग? पंजाबच्या खेड्यातील मातीत वाढलेला हा मल्ल सिंगापूरच्या चौथऱ्यावर धंदेवाईक झाला. किंगकाँग या नावाने गाजलेल्या, सुमारे दोनशे किलो वजनाच्या युरोपीय मल्लाशी त्याच्या ज्या जोडी लागल्या त्यांनी पन्नासच्या दशकात शहरेच्या शहरे वेडी केली. त्यांतील किती कुस्त्या ठरवून झाल्या हे विचारण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की, दोनशे किलोंचे धूड उचलताना कमरेला कोणी लबाडी शिकवू शकत नाही. निकाल ठरविता येतो. वजन ठरविता येत नाही. पुढे १९८७ साली दूरदर्शनवर याच दारासिंगांच्या हनुमानाला माणसांनी हात जोडले, तेव्हा हे धंदेवाईक चौथऱ्यावरील शरीर आहे म्हणून कोणाची भक्ती उणी झाल्याचे ऐकिवात नाही.

परंतु शुद्ध-अशुद्धाचा हा सोवळेपणा किती पोकळ आहे हे दाखवावयास दारासिंगांपेक्षा झिबिस्कोच अधिक उपयोगी. लंडनला गामाच्या हाती न लागलेला हा मनुष्य पुढे अमेरिकेतील ठरलेल्या कुस्त्यांचा जाणता कारागीर झाला. १९२५ साली तेथील मालकमंडळींनी वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला विजेतेपद बहाल केले होते. उंची, रुंदी, चेहरा, सारे काही होते. कुस्ती तेवढी येत नव्हती. १५ एप्रिल रोजी फिलाडेल्फियात झिबिस्कोने त्याच्याकडून पडावयाचे, असे ठरले. झिबिस्को त्या वेळी पंचेचाळिशीचा. तो चौथऱ्यावर चढला आणि पडलाच नाही. उलट त्याने मनला पाडले, पंच गोंधळला, पुन्हा पाडले, इतक्यांदा पाडले की, पंचाला दुसरे काही जाहीर करणे शक्यच राहिले नाही. ठरलेल्या खेळाच्या मध्यभागी खरी कुस्ती उगवली!

आता शुद्धतावादी टाळी वाजवावयास हात उचलतील. त्यांनी क्षणभर थांबावे. झिबिस्को खरा का लढला? सत्याची चाड म्हणून नव्हे. प्रतिपक्षाच्या मालकांनी त्याच्याशी वेगळा व्यवहार केला होता. आणि त्यांना दिलेल्या वचनाप्रमाणे दीडच महिन्याने, मेच्या अखेरीस, सेंट लुईस येथे तो जो स्टेकरकडून बिनतक्रार पडला. म्हणजे खोटे बोलण्याचे वचन मोडून तो खरे लढला, ते खरे लढण्याचेही पैसे मिळाले, आणि त्या पैशांची फेड पुन्हा एकदा खोटे पडून केली. आता यातली कोणती कुस्ती सोवळ्यात घ्यावयाची आणि कोणती ओवळ्यात टाकावयाची, हे व्यायामशिक्षकांनीच मला समजावून द्यावे.

आणि याच झिबिस्कोला १९२८च्या जानेवारीत पतियाळा येथे गामाने एका मिनिटाच्या आत चीत केले. अठरा वर्षे टळलेला हिशेब, हजारोंची गर्दी, आणि सगळे संपावयास पापण्या दोनचारदा लवण्याइतका वेळ. लंडनच्या अडीच तासांत जे नव्हते ते या एका मिनिटात होते, असे मी म्हणेन. कारण ती मागची अडीच तासांची पालथी पाठ प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात होती. पहिल्या कुस्तीचा रस दुसऱ्या कुस्तीत पिकला. ही गोष्ट केवळ गुण मोजणाऱ्याला कधी कळावयाची नाही.

त्या कथेला एक शेपूट आहे. १९५० साली ‘नाइट अँड द सिटी’ नावाचा एक चित्रपट निघाला. त्यात ग्रेगोरियस नावाचा एक वृद्ध मल्ल आहे. पोटच्या पोराने लंडनमध्ये चालविलेल्या देखाव्याच्या कुस्त्यांचा त्याला मनस्वी तिटकारा आहे. एका उन्मत्त देखावेवाल्या मल्लाशी त्याची जुंपते, आणि ती झटापट खरी होते. म्हातारा त्याला हरवितो आणि त्या श्रमानेच मुलाच्या हातांत प्राण सोडतो. ही भूमिका केली आहे झिबिस्कोने, वयाच्या सत्तरीस. मी तो प्रसंग अनेकदा पाहिला. कुस्ती अर्थात बसविलेली. कॅमेऱ्यापुढे दुसरे काय असणार? पण त्या मानेची वळणे, दम घेताना उघडे राहिलेले तोंड, पकड सुटू नये म्हणून वळलेली बोटे, यांत पन्नास वर्षांचा व्यासंग आहे. ठरलेल्या कुस्त्यांत आयुष्य घातलेला मनुष्य ठरलेल्या कुस्तीच्या तिटकाऱ्याचा अभिनय करतो, आणि तो अभिनय मला खरा वाटतो. आमच्या नाट्यपरीक्षकांनी याला काय नाव द्यावयाचे ते द्यावे.

येथवर माझे तरुण सहाध्यापक प्रसन्नचित्त असतील. “मग मी तरी दुसरे काय म्हणत होतो?” असे ते विचारतील. त्यांच्याशीच माझे भांडण अधिक मोठे आहे. वकीलसाहेब आणि व्यायामशिक्षक फार तर एक दालन बंद करतात. हे मात्र सगळी दालने उघडून आत माणूस आहे हे विसरतात. सारे काही चिन्ह आहे, सारे काही देखावा आहे, तेव्हा वेदनाही वेदनेचे चिन्हच, असा त्यांचा बाणा. रंगभूमीवरील मृत्यूनंतर नट उठून चहा पितो हे खरे. चौथऱ्यावर आपटलेला मल्लही उठतो. पण फळ्यांनी त्याच्या पाठीला जे दिले ते तो घरी घेऊन जातो. पडणे ठरलेले असले तरी जमीन ठरलेली नसते.

त्यांनी १२ डिसेंबर १९७६ ची कराचीची कुस्ती पाहावी. गामाच्या घराण्यातील अक्रम पहिलवान आणि जपानचा अंतोनियो इनोकी. इनोकी हा ठरलेल्या कुस्तीचा जगप्रसिद्ध कसबी. परंतु येथे काय ठरले होते आणि कोणी मोडले याविषयी दोन्ही बाजूंच्या कथा जुळत नाहीत. चौथऱ्यावर जे झाले ते मात्र लुटुपुटीचे नव्हते. तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमचा हात पिरगळून धरला, आणि तो हात निकामी झाल्यावरच कुस्ती थांबली. चित्रफीत पाहताना एक क्षण असा येतो की, तोवर आरामात रेलून बसलेला माझ्यासारखा प्रेक्षक पुढे सरकतो. आणि सरकल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटते. देखाव्यास खरे-खोटे विचारू नये म्हणणाऱ्या टीकाकाराला त्या क्षणी काय म्हणावयाचे असते? तीनच वर्षांनी, १९७९ साली, लाहोरला त्याच घराण्यातील कोवळा झारा इनोकीपुढे उभा राहिला. पाच फेऱ्यांत कोणी पडले नाही, आणि शेवटी इनोकीने स्वतः त्या पोराचा हात वर उचलला. हे औदार्य खरे की बसविलेले? मला ठाऊक नाही. पण हा प्रश्न पडल्यावाचून त्या हाताचे मोल मला करता येत नाही. खऱ्याखोट्याचा प्रश्न पुसून टाकला की देखावाही पुसट होतो, हे माझे त्यांना उत्तर आहे.

आता माझ्या धैर्याची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातील एका गावी महाशिवरात्रीच्या यात्रेत दंगल होती, आणि मी प्रमुख पाहुणा होतो. गाव कापसाचे. त्या साली कापसाला भाव नव्हता, तरी घरटी वर्गणी निघाली होती. शेवटची कुस्ती ‘निकाली’ म्हणून पुकारली गेली. एकीकडे बाहेरून आणलेला नावाचा मल्ल. दुसरीकडे शेजारच्या तालुक्यातील चाळिशी ओलांडलेला एक पहिलवान, जिनिंगमध्ये गाठी वाहणारा. डफडे घुमत होते. पहिली दहा-बारा मिनिटे मोठी रंगतदार झाली. पुढे हा चाळिशीचा गडी ढिला पडल्यासारखा दिसला. एकच हात चालवी, दुसरा अंगालगत ठेवी. विसाव्या मिनिटाच्या सुमारास तो धोबीपछाडीवर आडवा झाला. लोकांनी फेटे उडविले. मग माझे भाषण झाले. विजेत्याची मी पोटभर स्तुती केली, आणि पराभूताविषयी, त्याचे नावही न घेता, एक वाक्य टाकले: “दुसऱ्याने ऐन वेळी अवसान गाळले.” या वाक्याला टाळी मिळाली.

पंधरा दिवसांनी एक विद्यार्थी शुल्कसवलतीच्या अर्जावर सही मागावयास माझ्या खोलीत आला. सही झाल्यावरही तो जाईना. मग म्हणाला, “सर, तुम्ही बाबाचं नावच नाही घेतलं.” कोणाचे बाबा, हे कळावयास मला थोडा वेळ लागला. कुस्ती ठरलेली होती हे त्याने सहज सांगून टाकले. ते गावात अर्ध्या लोकांना माहीत होते, व्यासपीठावरच्या मंडळींना तर होतेच. बाराव्या मिनिटाला वडिलांचा खांदा निखळला होता. “मग ते तेव्हाच का पडले नाहीत?” मी विचारले. तो माझ्याकडे असा पाहू लागला की, एवढे साधे गणित सरांना कसे उमगत नाही. “वीस मिनिटं ठरली होती ना जी. त्याच्या आधी पडता येत नव्हतं.”

निखळलेल्या खांद्याने तो मनुष्य आठ मिनिटे उभा राहिला. त्यानंतर तीन महिने त्याला जिनिंगचे काम करता आले नाही. त्या दिवशीच्या त्या लटक्या कुस्तीत एक गोष्ट शंभर नंबरी खरी होती, ती माझ्या डोळ्यांदेखत आठ मिनिटे चालली होती, आणि चाळीस वर्षे ग्रंथ वाचून तीक्ष्ण केलेल्या माझ्या दृष्टीने तिच्यावर ‘अवसान गाळले’ असा शेरा मारला. बैठकीत मी गप्प का बसलो ते आता ध्यानात येईल. तिन्ही आक्षेपकांनी त्या कुस्तीला काय म्हटले असते? वकीलसाहेबांनी, निकाल ठरलेला, सबब पाहू नये. व्यायामशिक्षकांनी, मातीला बट्टा लागला. सहाध्यापकांनी, आडवा धरलेला हात हे एक सुंदर चिन्ह. तिघांपैकी एकालाही तो खांदा दिसला नसता. आणि मलाही दिसला नाही, म्हणून मला त्यांच्याहून शहाणा म्हणवून घेता येत नाही.

एवढे मात्र मी शिकलो, आणि तेच माझे उत्तर. अशा कुस्तीपुढे परीक्षकाने तीन प्रश्न घेऊन बसावे. प्रेक्षकाला काय म्हणून बोलावले होते? अमेरिकेतील मोठ्या देखावेवाल्यांनी १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपण होऊन कबूल केले की, आमचा हा खेळ करमणुकीचा आहे. त्यात कर आणि निर्बंध टाळण्याचा स्वार्थ होता, पण निदान कबुली तरी झाली. ‘निकाली’ म्हणून वर्गणी गोळा करावयाची आणि आत सौदा करावयाचा, ही मात्र शुद्ध फसवणूक होय, मग ती कितीही लाल मातीत होवो. दुसरा प्रश्न कसबाचा: जे ठरले ते कसे वठविले? आणि तिसरा, जो आम्ही कधीच विचारीत नाही: याची किंमत कोणाच्या शरीराने दिली, आणि पैसे कोणाच्या खिशात गेले? फसवणुकीचे पाप पडणाऱ्याच्या माथी मारू नये. ते सौदा करणाऱ्यांचे, आणि त्यावर भाषणाची मोहोर उठविणाऱ्यांचे असते.

आमच्या जिल्ह्यातील यात्रांच्या पंचांना माझी विनंती एवढीच आहे. कुस्ती दाखवावयाची असेल तर दाखवावयाची म्हणून पुकारा. लोक येतील, जसे ते दंडारीला येतात. पडणाऱ्याचा वाटा उघडपणे, सर्वांदेखत त्याच्या हाती द्या. आणि हौद्याजवळ एक हाडवैद्य बसवा.

त्या पहिलवानाचे नाव येथे तरी घ्यावे असे फार मनात होते. परंतु ते छापले तर त्या कुस्तीचा सौदा त्याच्या नावावर कायमचा चिकटेल, आणि सौदा करणारे निनावीच राहतील. ज्या दिवशी ते नाव मोठ्याने घेण्याजोगे होते त्या दिवशी मी ते घेतले नाही. आज घ्यावेसे वाटते, तर घेता येत नाही. माझे परीक्षण तेवढ्यापुरते अपुरे आहे.